चार बोटं भाजली, अंगठा नाही

सकाळी केळीच्या मळ्यात जायला मोटरसायकल काढली, किक मारली आणि क्लच दाबायला गेलो तर डोळ्यात पाणीच आलं. डाव्या हाताची चारही बोटं लालभडक, मधल्या दोघांवर तर चांगले फोड. अंगठा मात्र ठणठणीत, त्याला काहीच झालेलं नाही. आदल्या दिवशी बंदुकीच्या रेंजवर होतो तेव्हा चटका बसतोय हे कळत होतं, पण क्ले, म्हणजे हवेत उडवून फोडायच्या चकत्या, उडत होत्या, दोन-चार फुटतही होत्या, त्या नादात कोण बघतं हाताकडे. संध्याकाळी नुसती आग होत होती, सकाळी फोड वर आले.

आता बंदूक म्हटलं की लोकांच्या डोक्यात भलतंसलतं येतं म्हणून आधीच सांगतो. बंदूक नानांची, म्हणजे वडिलांची. १२ बोअर, दोन नळ्या शेजारी-शेजारी, लायसनवर डीबीबीएल लिहिलेलं असतं ती. बँकेच्या दारात वॉचमन काकांच्या खांद्याला असते ना तीच जात, फक्त ही जुनी आणि जरा नाजूक बांध्याची. नाना सत्तरीच्या पुढे गेले आणि शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसाच्या नावावर करायची सोय आहे, सत्तर वर्षं वय किंवा पंचवीस वर्षं बंदूक जवळ, त्यात बसून ती माझ्या नावावर झाली. कलेक्टर ऑफिसच्या चकरा किती झाल्या ते विचारू नका, तो वेगळा लेख होईल. शिकारीचा तर विषयच नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो धंदा बंद. नानांनी ती मळ्यात डुकरं हाकलायला ठेवलेली. वर्षाला दोन काडतुसं, फार तर तीन. बाकी वर्षभर कपाटात, आणि निवडणूक लागली की पोलीस स्टेशनात जमा.

म्हणूनच आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं की हिच्या नळ्या तापतात. दोन काडतुसांत काय तापणार? नानांना फोड दाखवले तर ते म्हणे मी पस्तीस वर्षं वापरली मला कधी चटका बसला नाही, तू काय चुलीत घातली होती का.

मला क्लेचा नाद लावला तो पारोळ्याच्या बापूंनी. फौजेतून रिटायर माणूस, अहिराणीशिवाय बोलत नाही, आणि नेम असा की बघत राहावं. रेंज आमच्यापासून लांब, पहाटे चारला निघावं लागतं, म्हणून महिन्यातून एकदाच जाणं होतं आणि गेलं की मग वसूल करून यायचं. इथेच घोळ होतो. मोठ्या स्पर्धेत ट्रॅपला, म्हणजे समोरून लांब जाणाऱ्या चकत्या मारायच्या प्रकाराला, सहा जणांची तुकडी असते, पाच स्टेशनं, एकेक जण पाळीपाळीने मारतो, म्हणजे तुझी पाळी परत येईपर्यंत बंदुकीला दम खायला वेळ मिळतो. आम्ही दोघंच. एक जण दोरी ओढून चकती उडवणार, दुसरा मारणार, पंचवीसच्या पंचवीस एका दमात. आणि ट्रॅपमध्ये एका चकतीला दोन बार मारता येतात, पहिला चुकला की दुसरा. माझा पहिला बराच चुकतो.

तर बापूंना फोन केला, फोडांचा फोटोही पाठवला. बापूंचं पहिलं वाक्य, ‘अरे तुना हात शे का तवा शे?’ मग पाच मिनिटं हसले. मग म्हणाले की पुढच्या खेपेला उन्हात ठेवू नको तिला. तेवढंच. मला वाटलं हे काय उत्तर झालं, भाजलं बारामुळे आणि हे उन्हाचं काय सांगताहेत. पण त्यात अर्धं उत्तर होतं, ते मला नंतर कळलं.

आधी भाजल्यावर काय केलं ते सांगून टाकतो कारण त्यातही मी माती खाल्ली. संध्याकाळी घरी आल्यावर टूथपेस्ट लावली. आमच्याकडे भाजलं की तीन मतं असतात, टूथपेस्ट, पेनाची शाई, नाहीतर हळद. आत्याने तर फ्रीजमधला बर्फ आणून दाबला. डॉक्टरकडे गेलो तर त्यांनी आधी ते सगळं खरवडून काढलं आणि झापलं. म्हणे चटका बसला की लगेच नळाखाली धर, गार वाहतं पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून, बर्फ नको, पेस्ट नको, फोड फोडू नको. रेंजवर पाण्याचे दोन जार होते! एवढं झालं असतं तर फोडच आले नसते कदाचित. असो.

आता तो अंगठ्याचा विषय. आठ दिवस क्लच दुखत होता तेव्हा मी रोज त्या बोटांकडे बघून विचार करायचो की बाबा सगळा हात नळीवर होता तर अंगठा कसा वाचला? एका रात्री बंदूक काढली, दोनदा उघडून रिकामी आहे बघितली आणि पलंगावर बसून धरून बघितली. डावा हात खालून येतो. अंगठा राहतो डाव्या नळीच्या अंगाला, आणि चार बोटं खालून वळसा घालून उजव्या नळीवर टेकतात. आणि माझ्या बंदुकीला ट्रिगर दोन, पुढचा ओढला की उजवी नळी वाजते, मागचा ओढला की डावी. मी प्रत्येक चकतीला पहिला बार पुढच्या ट्रिगरने मारत होतो, सगळेच मारतात, बोट तिथंच आधी जातं. दुसरा बार प्रत्येक वेळी मारलाच असं नाही, कधी पहिल्यात फुटली, कधी चकती इतकी लांब गेली की सोडून दिली. म्हणजे उजव्या नळीतून पंचवीसला पंचवीस आणि डावीतून दहा-बारा. अंगठा डावीवर, बोटं उजवीवर. झालं, गणित सुटलं! रात्री साडेअकराला मी बायकोला उठवून सांगितलं, तिने ‘बरं’ म्हणून कूस बदलली.

त्या दिवसापासून सरावाला गेलो की पाच चकत्या पुढच्या ट्रिगरने सुरू करतो, पाच मागच्या. उष्णता दोन्ही नळ्यांना वाटून जाते. नुसत्या एवढ्यानेही फरक पडतो, फुकटात. एकच लक्षात ठेवायचं, दोन नळ्यांचा चोक, म्हणजे तोंडाशी नळी किती आवळलेली ते, सहसा वेगळा असतो, उजवीचा मोकळा आणि डावीचा आवळ, म्हणजे डावीतले छर्रे कमी पसरतात. तेव्हा डावीने सुरुवात केली की जवळची चकती चुकायला लागते. माझ्या तर कोणत्याही नळीने चुकते म्हणून मला फार फरक पडला नाही.

पण मुळात हात नळीवर जातोच कशाला, असं कोणीही विचारेल. टीव्हीवर बघता ना, राज्यवर्धन राठोड २००४ ला अथेन्समध्ये डबल ट्रॅपला सिल्व्हर घेऊन आले, त्यांच्या हातात असते तशी बंदूक वेगळी. तिच्या नळ्या एकावर एक, आणि खाली चांगला जाडजूड लाकडी फोरएंड, दोन्ही बाजूंनी वर आलेला, हात लाकडातच राहतो, लोखंडाला लागतच नाही. आमच्या शेजारी-शेजारी नळीवालीचा फोरएंड म्हणजे लाकडाची एक चिपाड. इंग्रजी धाटणीच तशी. ती चिपाड हात धरायला नसतेच खरं तर, नळ्या आणि खालचं यंत्र एकमेकांना धरून ठेवायला असते. हात पुढे नळ्यांवरच धरायचा, डावं तर्जनीचं बोट नळीच्या कडेने पुढे सरळ, जणू बोट दाखवतोय तशी बंदूक चकतीकडे वळते. धरायला ही पद्धत लई गोड आहे, हलकी वाटते. आणि नेमकी जिथे आपण धरतो तिथे नळीचा पत्रा पातळ. ब्रीचजवळ, जिथे काडतूस बसतं तिथे लोखंड भरपूर जाड, आणि पुढे जाऊ तसं पातळ होत जातं, पुढे पुढे तर साधारण एक मिलिमीटर. जाड तवा उशिरा तापतो, पातळ तवा लगेच, हे घरातल्या कोणालाही विचारा.

एका काडतुसात दारू किती, तर दीड ग्रॅमच्या आसपास. चिमूटभर. पण ती जळते ती नळीच्या आत, आणि तिची सगळी ताकद काही छर्ऱ्यांना मिळत नाही, बरीचशी धुरातून तोंडातून जाते आणि बरीच नळीच्या लोखंडात शिरते. माझा ढोबळ हिशोब असा निघाला की एका बाराने ती नळी चार-पाच डिग्रीने वर चढते. ऐकायला काहीच नाही. पण पंचवीस बार लागोपाठ मारले तर? मधे थोडी गार होते हे खरं, पण गार व्हायला भोवतालची हवा तरी गार पाहिजे ना.

आणि इथे बापूंचं उन्हाचं वाक्य. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव, भुसावळ ४५ ला जाऊन येतं, ऑक्टोबर हिटही कमी नाही. उन्हात उभ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटला हात लावून बघा. बंदुकीची नळी काळी, आणि आम्ही चहा पीत गप्पा मारत ती उन्हातल्या टेबलावर ठेवलेली तासभर! म्हणजे पहिला बार वाजायच्या आधीच ती तापलेली. माणसाला ४४-४५ डिग्रीला धातू चटकायला लागतो, आणि साठच्या लोखंडावर पाच सेकंद बोट टेकलं की भाजलंच समजा. इंग्रजांच्या थंडीत, धुक्यात ज्या बंदुकीचा आकार ठरला ती आपल्या इकडे ऑक्टोबरात अर्ध्या वाटेवरूनच सुरुवात करते.

हे मोजून बघायची मला हौस आली. घरात कोविडच्या वेळचा कपाळाला धरायचा थर्मामीटर होता, तो नळीला धरला तर त्याने नुसतं ‘हाय’ दाखवलं, त्या बिचाऱ्याला ताप मोजायचा माहीत, बंदूक नाही. मग मोटार वायंडिंगवाल्या मित्राकडून त्याचा लाल टिपक्यावाला आणला. त्याने नळीवर धरला तर ३९! हात लावला तर हात ठेववेना. मित्र म्हणाला अरे चकचकीत धातूवर हा खोटं बोलतो, चिकटपट्टी लाव काळी आणि तिच्यावर मार. तशी लावली, तर उन्हात ठेवलेली नळी पहिला बार वाजायच्या आधी ५४, सावलीतली ३६. पंचवीस चकत्यांनंतर उन्हातून सुरू केली ती उजवी नळी ८० च्या जवळ. हे माझ्या एका बंदुकीचे, एका दिवसाचे आकडे आहेत, शास्त्र नाही, पण मला पटायला पुरेसे होते.

तर आता बंदूक सावलीत. गाडीच्या डिकीत नाही, डिकी म्हणजे भट्टी. राउंड संपला की काडतुसं काढून बंदूक मोडून, म्हणजे ब्रीच उघडी ठेवून रॅकला, नळीतून हवा आरपार जाते, आणि रिकामी आहे हे दुरूनच सगळ्यांना दिसतं तो दुसरा फायदा. पाणी ओतून गार करायचा विचार मनात आला होता, खोटं कशाला बोलू. बापूंनी हातच धरला. दोन नळ्यांच्या मधे जी पट्टी असते वर-खाली, ती झाळलेली असते, कथलाच्या झाळणाने, आणि तिच्या आत एकदा पाणी शिरलं की ते बाहेर यायचा रस्ता नाही, आतल्या आत गंज.

आता हाताचे उपाय. मी काय काय करून पाहिलं त्याची फजिती ऐका.

पहिलं, ओलं फडकं. मळ्यातला गडी म्हणाला भाऊ ओलं फडकं गुंडाळा, गार राहील. पटलं मला. आणि हे पटायलाच नको होतं, कारण आमच्या घरात सांडशी सापडली नाही की फडक्याने भांडं उतरवताना आई ओरडते, ‘कोरडं घे रे, ओल्याने हात पोळतो!’ कोरड्या कापडात हवा असते, ती उष्णता अडवते, ओल्यात पाणी, ते सरळ हातापर्यंत पोचवतं. दहाव्या चकतीला कळलं. वर ते सरकतं.

दुसरं, सायकलची ट्यूब. कापून नळ्यांवर ओढली, पकड एक नंबर, पण वीस बारांनंतर असा वास सुटला की बापू म्हणाले टायर जाळतो का रे. आणि काढताना काळा चिकट डाग राहिला नळीवर, तो घासायला रॉकेल शोधत फिरलो.

तिसरं, ग्लोव्ह्ज. यात मात्र दम आहे, पण कोणता घेता त्यावर आहे. पोराच्या क्रिकेट किटमधला बॅटिंगचा घातला तर हात मडक्यासारखा झाला, नळी कुठे वळतेय कळेना. वेल्डिंगचा त्याहून जाड. नायलॉनचे मोटरसायकलचे ग्लोव्ह्ज घेऊ नका, घामाने हात भिजतो. पातळ चामड्याचा, घट्ट बसणारा, तो बरा. फक्त डाव्या हातात घातला तरी चालतं, उजव्याचं काम ट्रिगरचं, तिथे बोट उघडं असलेलं मला आवडतं. पण आपल्या इकडे मार्च ते जून चामड्याचा ग्लोव्ह घालून उभं राहणं म्हणजे हाताला वाफारा देणं. हिवाळ्यात भरीत पार्टीला मात्र त्याचा उपयोग झाला, काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी गरमागरम सोलायला. बायकोने नंतर तो धुतला आणि तो वाळून पापड झाला. ग्लोव्ह गेला.

चौथं, फोरएंडच बदलणं. रुंद, दोन्ही नळ्यांच्या बाजूने वर येणारा लाकडी फोरएंड असतो, बीव्हरटेल म्हणतात त्याला. उत्तम उपाय, हात लाकडावरच राहतो. पण तो बसवायचा म्हणजे लायसनवाल्या गनस्मिथकडे काम, आणि नानांनी ज्या लाकडाला पस्तीस वर्षं तेल लावलं ते काढून बाजूला ठेवायचं. विचारलं होतं नानांना. त्यांनी पेपर वर केला आणि वाचायला लागले. समजलो.

मग पाचवं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. इंग्रज लोक नळ्यांवर एक चामड्याची खोळ सरकवतात. हँडगार्ड म्हणतात. आत स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, वरून चामडं शिवलेलं, खालून नळ्यांना मिठी मारून बसतं, फोरएंडला टेकवून लावायचं आणि त्याच्यावर हात. पाहिजे तेव्हा काढून ठेवायचं, बंदुकीला ना भोक ना स्क्रू. विकत मिळतात, बोअरप्रमाणे साईज असते, पण बाहेरून मागवायचं तर त्याची किंमत आणि वरचा खर्च बघून मी मोबाईल खाली ठेवला. आणि आपल्याकडे बसस्टँडजवळ एक आप्पा बसतात, चपला-बूट शिवतात, बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टेही करतात. म्हटलं यांना जमणार नाही तर कोणाला.

पण माप कसं द्यायचं? बंदूक घेऊन बाजारात जाणं म्हणजे आप्पांच्या आधी पोलीसच माप घेतील. तर घरी नळ्या वेगळ्या केल्या, लेथवाल्याकडून व्हर्निअर आणला, आणि फोरएंडच्या पुढे जिथे हात येतो तिथे नळीची जाडी घेतली. मग वायरिंगचे २० एमएम पाईपचे दोन तुकडे, प्रत्येकाला काळी टेप गुंडाळत गेलो जोवर व्हर्निअरमध्ये नळीएवढे भरत नाहीत. दोन्ही शेजारी-शेजारी बांधले. झाली माझी नकली बंदूक, वीतभर लांबीची. ती खिशात घालून बाजारात गेलो, कोणी विचारलं तर सांगणार होतो ठिबकचं काहीतरी आहे.

आप्पांनी ती उलटीसुलटी करून बघितली, चष्मा वर केला, म्हणाले, ‘कसाले पाहिजे?’ म्हटलं बंदुकीला. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग एवढंच म्हणाले की आतली पट्टी तू आण, चामडं मी बघतो.

पट्टी आणली जिनिंगमधून. रुईच्या गाठी बांधायला लोखंडी पट्ट्या असतात ना, पातळ, वाकवली तर परत उसळणारी, तिचे दोन तुकडे. आप्पांनी त्या माझ्या पाईपांवर धरून हातोडीने हळूहळू वळवल्या, जरा जास्तच आत वळवल्या, म्हणजे बसवताना उघडाव्या लागतील आणि मग धरून राहतील. टोकं कानशीने गोल केली. मग चामड्याचे दोन थर, बाहेरचं जाड गुळगुळीत, आतलं मऊ, खरबरीत बाजू नळीकडे, आणि मधे पट्ट्या. आरीने भोकं पाडून मेणाच्या दोऱ्याने कडेने शिवण, एकेक टाका दोन्ही बाजूंनी ओढून, ओढताना दोरा बोटाला एक वेढा घालून. त्यांची बोटं बघितली, दोऱ्याने चिरा पडलेली, माझे फोड म्हणजे काहीच नाही. पाऊण तास मी तिथे पालथ्या घमेल्यावर बसून बघत होतो. दीडशे रुपये झाले.

पहिला नमुना फसला, आणि चूक माझीच. मी त्यांना सांगितलं होतं की जितकं वर घेता येईल तितकं घ्या, म्हणजे बोटांची टोकं पण वाचतील. रेंजवर बंदूक खांद्याला लावली तर दोन्ही बाजूंनी चामड्याच्या कडा नळ्यांमधल्या वरच्या पट्टीच्याही वर आलेल्या, घोड्याच्या डोळ्याला ढापणं लावतात तसं! चकतीच दिसेना. शिवाय आप्पांनी प्रेमाने वरून काळं पॉलिश मारून दिलेलं, घामाने ते सुटलं आणि माझा पंजा, बंदूक, शर्ट, सगळं काळं. बापू त्या दिवशी चहाच्या टपरीपर्यंत हसत होते.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा कडा नळीच्या मध्याच्या थोड्याशाच वर ठेवायला सांगितल्या, वरची पट्टी पूर्ण मोकळी, आणि पॉलिश नको, नुसतं मेण. हा बसला. सुरुवातीला बार झाला की अर्धा बोट पुढे सरकायचा, कारण बंदूक मागे उसळते आणि हा जागच्या जागी राहायला बघतो. आप्पांनी पट्ट्या अजून जरा आवळल्या, ते थांबलं. आता पन्नास चकत्या मारल्या तरी हात जागेवर असतो.

आणि माझ्या मते खरी गोष्ट ही हात जागेवर असण्याचीच आहे. चटक्याचं काय, सहन करता येतं, आपल्याकडे तर सहन करण्याचंच कौतुक, काही जण म्हणालेही की हात राठ होईल आपोआप, ग्लोव्ह काय घालतो बायकांसारखा. पण बोट चटकलं की ते तुम्हाला न विचारता उचललं जातं. माझं तेच होत होतं. पंधराव्या-सोळाव्या चकतीनंतर मी बोटं सैल सोडायचो, बंदूक नुसत्या तळव्यावर तोलायचो, नाहीतर हात मागे त्या चिपाडीवर ओढायचो, आणि मग बंदुकीचं तोंड जड लागायचं, वळायला उशीर, चकती पुढे. मला वाटायचं मी दमलोय. आणि भरलेली बंदूक, सेफ्टी काढलेली, आणि डाव्या हाताने ती धड धरलेलीच नाही, हे जे चित्र आहे ते डोळ्यासमोर आणा जरा. बापूंनी मला त्यावर एकदाच खरं झापलं होतं, हसत नव्हते तेव्हा. म्हणाले चटका बसला तर आधी तोंड समोर जमिनीकडे, मग ब्रीच उघडायची, काडतुसं बाहेर, आणि मग पाहिजे तितका नाच.

बारीकसारीक अजून दोन-तीन. बंदूक उघडताना आपण डाव्या हाताने नळ्या खाली दाबतो, तेव्हाही हात गार्डवरच ठेवायची सवय लावा, मी दोनदा सवयीने पुढे धरली. वाजलेलं काडतूस काढताना पितळी बूड गरम असतं, प्लॅस्टिकच्या अंगाला धरा. उघडी बंदूक हाताच्या खाकेत अडकवून उभं राहायची फॅशन छान दिसते, पण अर्ध्या बाहीच्या शर्टात नको, माझ्या कोपराच्या आत एक पट्टा उमटलेला आहे अजून. आणि बंदूक जुनी असेल तर हाताच्या आधी हे बघा की तिचं घर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, किती लांब आहे, जुन्या बऱ्याच ६५ मिलिमीटरच्या असतात, त्यात ७० चं काडतूस बसल्यासारखं वाटतं पण घालायचं नाही. गनस्मिथकडून मोजून घ्या.

गार्ड घरी आल्यावर काढायचाच. चामड्यात घाम मुरतो, घामात मीठ, आणि तो तसाच नळीवर राहिला की खाली गंजाचा नकाशा. मी एकदा विसरलो, चार दिवस, पावसाळी हवा होती, काढला तर शिवणीच्या रेषेत तांबूस ठिपके. तेलाच्या बोळ्याने निघाले, पण नानांच्या नजरेतून सुटले नाहीत. त्यांनी काही न बोलता बंदूक घेतली, अर्धा तास पुसत बसले, आणि मग तो गार्ड हातात घेऊन शिवण बघितली. ‘कोणी केलं?’ म्हटलं बसस्टँडचे आप्पा. ‘टाके चांगले आहेत,’ म्हणाले. नानांकडून हे म्हणजे लई झालं.

आता बापूंना पण एक पाहिजे. एवढे हसले माझ्यावर आणि आता रोज फोन. त्यांची २० बोअर, नळ्या बारीक, माझा त्यांच्या बंदुकीवर गळ्यातल्या साखळीसारखा लोंबतो, लावून बघितला. म्हणजे पाईपांना टेप परत पहिल्यापासून. रविवारी पारोळ्याला व्हर्निअर घेऊन जातोय, भरीत आहे म्हणे.